दैव पाचवं

आमच्या घरात आयुर्विम्याचा हप्ता कधी भरला गेला नाही. वडील, म्हणजे अण्णा, प्राथमिक शाळेत शिक्षक. गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला पायी वारी. विम्याचे एजंट घरी यायचे, कारण शिक्षकाचा पगार ठरलेला असतो. अण्णा त्यांना चहा द्यायचे, त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करायचे आणि रिकाम्या हाताने परत पाठवायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. आयुर्विमा महामंडळाच्या चिन्हात दोन हातांच्या आडोशाला एक ज्योत आहे, आणि तिच्याखालचं ब्रीद गीतेच्या नवव्या अध्यायातून घेतलेलं आहे. अनन्यभावाने शरण आलेल्याचा योगक्षेम मी वाहतो, असं भगवंताचं वचन. ‘‘त्यानं वाहीन म्हणून सांगितलंय ना? मग मी मध्ये दुसऱ्याला कशाला घालू?’’

मी पालिकेच्या लेखा विभागात लागले आणि लेखाधिकारी होऊन निवृत्त झाले. अण्णांचा हा प्रश्न माझ्यापुढे फाइलच्या रूपाने येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. 2012 साली तो आला.

कृष्णेच्या खोऱ्यातलं आमचं गाव. नवी पाणीपुरवठा योजना मंजूर झाली होती. नदीत जॅकवेल, तिथून कच्च्या पाण्याची मुख्य वाहिनी, गावाबाहेर जलशुद्धीकरण केंद्र आणि चार उंच टाक्या. एवढं मोठं काम आमच्या पालिकेने आधी कधी केलं नव्हतं. एरवी विम्याचा विषय आमच्याकडे निविदेतल्या एका कलमात संपायचा. ठेकेदाराने राज्याच्या विमा संचालनालयाकडून विमा उतरवायचा, नाही उतरवला तर बिलातून एक टक्का कापून घ्यायचा. ते कलम आम्ही जुन्या निविदेतून नव्या निविदेत उतरवत आलो होतो. या वेळी योजनेत कर्जाचा मोठा वाटा होता आणि कर्ज देणाऱ्या संस्थेची अट होती की संपूर्ण कामाचा एकच विमा पालिका आणि तिन्ही ठेकेदार यांच्या संयुक्त नावाने घ्यावा, आणि तो घेण्यासाठी आधी विमा दलाल नेमावा. दलाल निवडणाऱ्या समितीत मी होते.

दलाल हा शब्द आपल्याकडे तोंड वाकडं करूनच उच्चारला जातो. विम्यातला दलाल वेगळा, हे मला त्या वेळी शिकावं लागलं. एजंट कंपनीचा माणूस असतो. दलाल हा विमा घेणाऱ्याचा माणूस. भारतात त्याला कायद्याने जागा मिळाली ती 2002 मध्ये, विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांनी. जोखीम काय आहे ते समजून घ्यायचं, ती कंपन्यांपुढे मांडायची, अटी वाचायच्या, नुकसान झालं तर दाव्याच्या वेळी आपल्या बाजूने उभं राहायचं, हे त्याचं काम. आणि त्याचे पैसे देते विमा कंपनी, हप्त्यातल्या ठरावीक टक्क्यांनी. काम आपलं आणि मोबदला समोरच्याचा. हप्ता जितका जास्त, तितकी त्याची मिळकत जास्त.

इथे आमची सगळी पद्धत अडली. पालिकेत आम्ही दोन लिफाफे जाणतो. पहिल्यात पात्रता, दुसऱ्यात दर. सर्वांत कमी दर ज्याचा, त्याला काम. हा नियम मी वर्षानुवर्षं पाळला आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, कारण त्याने कित्येकदा गावाचे पैसे वाचवले आहेत. पण इथे दुसऱ्या लिफाफ्यात लिहायला काही नव्हतंच. पालिकेने त्याला काही द्यायचं नव्हतं, आणि आपल्या मिळकतीतला वाटा त्याने आम्हाला परत द्यायचा म्हटलं तर 1938 च्या विमा कायद्याचं 41 वं कलम आडवं येत होतं. मग निवडायचं कशावर? मार्केट यार्डातला शेतकरी हा प्रश्न फार आधीपासून ओळखतो. अडत्या माल विकतो शेतकऱ्याचा, पण अडत कुणाच्या खिशातून जावी, यावर महाराष्ट्रात वर्षानुवर्षं भांडण झालं आणि 2016 साली फळं-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडे वळवली गेली. पैसे कोण देतो याने माणसाचं मन कुणाकडे झुकतं, हा प्रश्न हिशोबाचा आहेच, पण त्याआधी तो धर्माचा आहे.

तीन संस्था आल्या. पहिल्या दोघांनी पडद्यावर मोठमोठ्या कामांची यादी दाखवली आणि हप्ता किती खाली आणू ते सांगितलं. तिसऱ्या संस्थेकडून पन्नाशीचे एक गृहस्थ आले. त्यांनी यादी टेबलावर ठेवली आणि विचारलं, ‘‘मॅडम, जॅकवेलची जागा बघता येईल का? फॉर्ममधला एक रकाना मला तिथे उभं राहूनच भरता येईल.’’

बांधकामाच्या सर्व जोखमींच्या विम्याला एक प्रस्ताव अर्ज असतो. त्यात जागा विचारतात, मालक, ठेकेदार, अभियंता यांची नावं विचारतात, बांधकामाची पद्धत, पायाची खोली, मुदत विचारतात. मग येतात नैसर्गिक धोके. जवळची नदी कोणती, किती अंतरावर, तिची किमान पातळी, सरासरी पातळी, आणि आजवर नोंदलेली सर्वांत उंच पातळी, दिनांकासह. आमच्या मसुद्यात त्या शेवटच्या रकान्यात 2005 च्या पुराची पातळी लिहिलेली होती. ती सरकारी नोंद होती.

त्या रात्री जेवताना मी अण्णांना सहज सांगितलं. ते म्हणाले, ‘‘पाचचं पाणी म्हणजे सर्वांत मोठं नव्हे गं. घाटावर मारुतीच्या देवळामागं जुनी खूण आहे. माझे आजोबा दाखवायचे.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे घाटावर गेलो, अण्णा, ते दलाल आणि मी. 2005 ची रेघ सहज दिसत होती, तांबड्या तैलरंगाची, शेजारी तारीख. देवळामागच्या दगडी भिंतीवर मात्र शेवाळ साचलं होतं. गुरवाने आतून नारळाची शेंडी आणून दगड घासला. आधी काहीच दिसेना. मग त्याने तांब्याभर पाणी ओतलं, आणि ओल्या दगडावर बोटभर लांबीची एक आडवी खाच उघडी पडली, तिच्यावर चंद्रकोरीसारखा छोटा आकार. साल नाही, अक्षर नाही. अण्णांनी थरथरता हात वर करून ती खाच चाचपली. तांबड्या रेघेपासून ती सव्वा हात वर होती. दलालांनी टेप लावून माप घेतलं, दोनदा, आणि वहीत लिहिलं.

समितीत वाद झाला तो या सव्वा हातावर. एका ज्येष्ठ अधिकाऱ्याचं म्हणणं होतं की अर्जात ‘नोंदलेली’ पातळी विचारली आहे. दगडावरची खाच ही नोंद होत नाही. तिला साल नाही, सही नाही. लिहिलं तर हप्ता वाढेल, विमा कंपनी अटी घालेल, कामाला उशीर होईल. ‘‘आपण खोटं थोडंच लिहितोय?’’ ते म्हणाले. आणि शब्दांचा कीस काढला तर त्यांचं चुकत नव्हतं.

त्या दलालांनी दिलेलं उत्तर मला अजून आठवतं. ते म्हणाले, ‘‘साहेब, विमा कंपनीने ही भिंत बघितलेली नाही. आपण बघितली आहे. आता ती खूण आपल्याला माहीत आहे. माहीत असून न सांगणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.’’ विम्याच्या कायद्यात याला परम सद्भाव म्हणतात. 1766 साली इंग्लंडमध्ये न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी सुमात्रा बेटावरच्या एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात हे तत्त्व मांडलं. जोखमीची खरी माहिती बहुतेक वेळा एकाच बाजूकडे असते आणि दुसरी बाजू तिच्या शब्दावर विसंबून किंमत ठरवते. म्हणून जाणणाऱ्याने दडवायचं नाही.

मी घरी आले आणि भूमिपूजनाचा विचार करत बसले. महिन्याभरापूर्वी नगराध्यक्षांच्या हस्ते ते झालं होतं. पूजेला बसलं की पहिल्यांदा संकल्प सोडतात. कोणत्या खंडात, कोणत्या नदीच्या तीरावर, कोणत्या संवत्सरात, कोणत्या तिथीला, कोणत्या गोत्राचा कोण माणूस, कशासाठी हे कर्म करतो आहे, हे सगळं उच्चारून मगच पाणी सोडायचं. देव सर्वज्ञ. त्याला आपलं गाव आणि गोत्र कळत नाही असं थोडंच आहे? तरी आपल्याला ते तोंडाने म्हणावं लागतं, कारण कर्माची सुरुवात स्वतःची खरी ओळख आणि खरा हेतू सांगण्यापासून होते. चुकीचं गोत्र सांगून सोडलेलं पाणी ताम्हनात पडतं, एवढंच. विम्याचा प्रस्ताव अर्ज मला त्या रात्री संकल्पासारखा दिसला. स्थळ, काळ, कर्ता, हेतू. आणि नदीसुद्धा दोन्हीकडे तीच.

आता अण्णांचा मूळ प्रश्न. देव योगक्षेम वाहत असताना विमा काढणं हा अविश्वास आहे का?

शंकराचार्यांनी या शब्दाची फोड केली आहे: जे मिळालेलं नाही ते मिळवणं हा योग, आणि मिळालेलं राखणं हा क्षेम. पालिकेत योग अभियंत्यांचा आणि क्षेम लेखा विभागाचा, असं मी माझ्या हाताखालच्या मुलांना सांगत असे. त्या वचनात भगवंत भार उचलतात तो अनन्य भक्ताचा. अण्णांनी स्वतःचं घर त्या वचनावर सोडलं, तो त्यांचा अधिकार होता आणि त्या अधिकारापुढे मी आजही हात जोडते. पण पालिकेचा पैसा कुणा एका भक्ताचा नाही. त्यात घरपट्टी भरणारी विधवा आहे, बोहऱ्याचं दुकान आहे, देव न मानणारे मास्तर आहेत. माझ्या श्रद्धेवर मी माझं घर टाकू शकते. गावाचं पाणी टाकू शकत नाही. विश्वस्ताला दुसऱ्याच्या क्षेमाची पैज स्वतःच्या भक्तीवर लावता येत नाही. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘‘हे बरोबर आहे. मी शाळेची फी कधी घरच्या पेटीत ठेवली नाही, तसंच हे.’’

प्रश्नाची दुसरी बाजू अधिक अवघड आहे. पॉलिसी हातात आली तेव्हा पहिल्याच पानावर तीन अक्षरं होती, एओजी. ॲक्ट ऑफ गॉड, देवाची करणी. पूर, भूकंप, वादळ, दरड कोसळणं. प्रत्येक नुकसानीतला काही भाग विमाधारकाने स्वतः सोसायचा असतो. साध्या नुकसानीत तो कमी आणि देवाच्या करणीत जास्त. युद्ध आणि सत्तेने केलेली जप्ती विम्यातून सरळ वगळलेली असते. आपल्या जुन्या लोकांनी संकटाचे दोन भाग केले, अस्मानी आणि सुलतानी. पॉलिसीही तेच करते, पण तिच्यात तिसरा एक भाग आहे: सदोष आराखडा आणि जाणूनबुजून केलेली हयगय. साध्या पॉलिसीत त्याची भरपाई नाही. संकट तिथे ना आकाशातून येतं, ना सत्तेकडून. ते आपल्याकडून येतं.

हा तिसरा भाग अस्मानीत ढकलायची आपल्याला फार सवय आहे. 31 मार्च 2016 ला कोलकात्यात विवेकानंद रोडवरचा बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला, वीसहून अधिक माणसं गेली, आणि कंत्राटदार कंपनीच्या अधिकाऱ्याने त्याला देवाची करणी म्हटलं. 30 ऑक्टोबर 2022 ला गुजरातमध्ये मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर खुला झाल्यावर काही दिवसांतच तुटला, 135 जीव गेले, आणि पूल चालवणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापकाने न्यायालयात ही देवाची इच्छा होती असं सांगितल्याचं आपण वाचलं. पुण्याला तर हे नव्याने सांगायला नको. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्याचं काम पुरं झालेलं नव्हतं, आणि त्यात पाणी मात्र अडवलेलं होतं. पाऊस देवाचा होता. अर्धवट धरणात पाणी अडवण्याचा निर्णय माणसांचा होता.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. मी हा भाग अण्णांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्यातला क्रम मला प्रस्ताव अर्ज भरताना कळला. अधिष्ठान म्हणजे जागा. कर्ता म्हणजे आम्ही आणि ठेकेदार. करण म्हणजे सिमेंट, सळई, यंत्रं. चेष्टा म्हणजे कामाची पद्धत. अर्जातले रकाने याच क्रमाने येत होते, आणि नदी, पाऊस, भूकंप हे सगळ्यांच्या नंतर. दैव आहे, गीता ते नाकारत नाही. पण ते पाचवं आहे. आधीचे चार रकाने खरे भरल्याशिवाय पाचव्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला नाही. घाटावरची खाच दडवली असती आणि नंतर पाणी तिथपर्यंत आलं असतं, तर आम्ही देवाची करणी म्हणालो असतो. ते देवावर घातलेलं खोटं बालंट ठरलं असतं. नास्तिकसुद्धा देवाची इतकी निंदा करत नाही.

याच कामात दुसरी एक गोष्ट मला शिकायला मिळाली. जॅकवेलच्या खड्ड्यावर विजापूरकडचे मजूर होते. एक बाई डोक्यावरची पाटी खाली ठेवून मला म्हणाली, ‘‘बाई, विमा काढलाय म्हणतात. आमचाबी हाय न्हवं?’’ मी ‘आहे’ म्हणणार होते. दलालांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की नाही. पॉलिसीच्या दुसऱ्या भागात तिऱ्हाइताला झालेल्या इजेची भरपाई आहे, पण ठेकेदाराचा मजूर तिऱ्हाईत धरला जात नाही. त्याच्यासाठी 1923 च्या कायद्याखालची कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी त्या वेळी वेगळी घ्यावी लागायची. त्यांनी तिन्ही ठेकेदारांकडून त्या पॉलिसी मागवल्या आणि हजेरीपटाशी नावं ताडून बघितली. एका ठेकेदाराची पॉलिसी हजेरीपटावरच्या निम्म्या माणसांचीच होती. ती पूर्ण करून घेतल्यावरच त्याचं पुढचं बिल माझ्या टेबलावरून गेलं. या कामातून त्या गृहस्थांना एक रुपया जास्त मिळणार नव्हता. माणसाचं मन कुणाकडे झुकतं, याचं उत्तर मला तिथे मिळालं. ते कुठल्याच लिफाफ्यात मावलं नसतं.

अर्जात शेवटी आम्ही दोन्ही पातळ्या लिहिल्या. 2005 ची नोंद, आणि तिच्याखाली: ‘घाटावरील दगडात यापेक्षा उंच स्थानिक खूण आहे, साल अज्ञात.’ हप्ता थोडा वाढला. विमा कंपनीच्या अभियंत्याने जागा पाहिली आणि अट घातली की पंपघरातली विजेच्या पॅनेलची खोली त्या खुणेच्या वर घ्यावी. आराखडा बदलला, सात पायऱ्या वाढल्या, काम दीड महिना लांबलं. 2015 साली योजना सुरू झाली. बांधकामाच्या काळात मोठा पूर आला नाही आणि आम्ही एकही दावा केला नाही.

मग लेखाआक्षेप आला. विमा हप्त्यापोटी झालेल्या खर्चाच्या तुलनेत कोणताही दावा प्राप्त झालेला नसल्याने सदर खर्चाचे समर्थन करावे. अनुपालन मी स्वतः लिहिलं. तीन वर्षं गावाच्या डोक्यावर छत्री होती. पाऊस पडला नाही म्हणून छत्रीची किंमत वाया गेली असं म्हणता येत नाही, एवढंच त्याचं सार होतं. कौटिल्याने आणि याज्ञवल्क्याने अरण्यातून जाणाऱ्या व्यापाऱ्याला महिन्याला शेकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा वीस व्याज सांगितलं आहे. सुखरूप परत आलेल्याने वीस का दिले असं कुणी विचारत नव्हतं. धोका होता, त्याची किंमत होती, ती दिली. आक्षेप पुढे वगळला गेला.

अण्णा 2016 साली गेले. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आणि पंचगंगा 2005 ची पातळी ओलांडून गेल्या. खोऱ्यातली कित्येक पाणीपुरवठा केंद्रं बुडाली आणि चोहीकडे पाणी असताना लोक टँकरच्या रांगेत उभे राहिले. आमच्या पंपघरातही पाणी चढलं. ते वाढवलेल्या सात पायऱ्यांपैकी चौथीवर थांबलं. पॅनेल कोरडे राहिले. त्या वेळी विम्याची मुदत संपून चार वर्षं झाली होती. विमा कामाला आला नाही. अर्जात लिहिलेलं खरं कामाला आलं.

पालिकांमध्ये, जिल्हा परिषदांमध्ये, ग्रामपंचायतींमध्ये आज ज्यांच्या सहीने कामं होतात त्यांना माझं हात जोडून एवढंच सांगणं आहे. दलाल नेमाल तेव्हा हप्ता किती कमी करतो हे विचाराच, पण कोणता रकाना भरायला तो जागेवर आला हेही बघा. तो रकाना तुमच्यापुढे आला तर रिकामा ठेवू नका. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, भिंत घासून बघा, आणि जे दिसेल ते लिहा. मग देवाला हाक मारा. तोवर त्याचं नाव घेऊ नका.

आमच्या घाटावर आता तांबड्या रंगाची दुसरी रेघ आहे, 2019 ची. ती देवळामागच्या त्या जुन्या खाचेच्या चार बोटं खाली आहे.